यंत्राची जन्मभाषा : बहुभाषिक इंटरफेस प्रकल्पाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळच्या बैठकीत काम गळ्यात पडलं. प्रत्येकाला संगणकाचा इंटरफेस, म्हणजे मेनू, खिडक्या, बटणं, स्वतःच्या भाषेत मिळाला पाहिजे. भाषा पाच : इंग्रजी, मराठी, हिंदी, जर्मन, अरबी. यंत्रं १४२. मुदत १४ ऑक्टोबर, कारण त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपतो आणि बहुतेक यंत्रं तोवर विंडोज ११ वर न्यायचीच आहेत. हात घालताच आहात तर भाषेचंही उरकून टाका, असा एकूण सूर. ‘सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा निवडायची, एवढंच ना? दोन दिवसांचं काम,’ असंही कोणी तरी म्हणालं. हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

आधी शब्दांचं ठरवून घेतलं. मराठीत एडिशनला आवृत्ती म्हणतात आणि व्हर्जनलाही आवृत्तीच. भाषेची मुभा एडिशनवर अवलंबून, भाषेची फाइल कोणती घ्यायची ते व्हर्जनवर. दोन्हींना एकच शब्द वापरला तर महिन्याभरात एकमेकांच्या उरावर बसू. म्हणून या नोंदींत ‘एडिशन’ म्हणजे होम, प्रो, एंटरप्राइझ वगैरे, आणि ‘व्हर्जन’ म्हणजे २२एच२, २४एच२ वगैरे. ‘आवृत्ती’ हा शब्द बंद.

५ ऑगस्ट, मंगळवार

मोजणी. प्रत्येक यंत्राच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातून, एडिशनची नोंद ओढणारी छोटी स्क्रिप्ट चालवली. प्रो ७१, एंटरप्राइझ ३६, होम सिंगल लँग्वेज २३, एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ (मोठे बदल न होणारं, दीर्घ सपोर्टचं एडिशन) वाली ९, आणि कोपऱ्यात बसलेली विंडोज ७ प्रोफेशनलची ३. बेरीज जुळते.

२३ चा आकडा पाहून पोटात गोळा आला. ते लॅपटॉप घाईच्या वेळी सुटे सुटे विकत घेतलेले. खोक्यावर ‘होम’ एवढंच दिसतं, पुढचे दोन शब्द कोणी वाचत नाही. त्यातले बहुतेक जर्मन आणि अरबी वापरणाऱ्यांकडेच आहेत.

७ ऑगस्ट, गुरुवार

सिंगल लँग्वेजचा एक लॅपटॉप टेबलावर घेतला. कीबोर्ड जर्मन लावता आला, तारखेची पद्धत जर्मन करता आली, पण प्रदर्शनाची भाषा बदलायला गेलो की परवान्यात एकच भाषा बसते, असं उत्तर. याला बिघाड म्हणता येत नाही, एडिशनची रचनाच तशी आहे.

माझ्या सहकारीला वाटलं होतं की हे बंधन अलीकडचं आहे. उलट आहे. व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काळात पूर्ण भाषापॅक, म्हणजे इंटरफेसच्या वाक्यांचे संच, फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइझला मिळायचे. होम प्रीमियम काय, प्रोफेशनल काय, ज्या भाषेत घेतलं त्या भाषेत वापरायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा भाषापॅक जवळपास सगळ्यांना खुले झाले. अपवाद म्हणून सिंगल लँग्वेज हे एडिशन मात्र त्याच वेळी जन्माला आलं. म्हणजे आधी भाषा हा महागड्या एडिशनचा दागिना होता, आता ती स्वस्त एडिशनमधली कात्री आहे.

पर्याय दोनच. हव्या त्या भाषेच्या आयएसओवरून (विंडोज बसवायच्या फाइलीवरून) यंत्र कोरं करून नव्याने बसवायचं, किंवा प्रोची किल्ली, म्हणजे परवान्याचा क्रमांक, घालायची. पहिल्या पर्यायातही भाषा एकच राहते, आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलं की पुन्हा तेच. किल्ली घातली तर काहीही पुसावं लागत नाही. एका रीस्टार्टमध्ये एडिशन बदलतं आणि भाषांचं दार उघडतं. २३ किल्ल्यांची मागणी लिहून पाठवली. मंजूर होईल, पण ‘का’ हे दोनदा समजावावं लागेल.

हे बंधन चुकवणारी बाहेरची साधनं आहेत, पूर्वीही होती. ती वापरायची नाहीत असं ठरलं. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये काय कोसळेल याची हमी कोण देणार?

११ ऑगस्ट, सोमवार

किल्ल्या येईपर्यंत आतली रचना टिपून ठेवतो, कारण पुढचे सगळे घोळ इथूनच निघणार.

विंडोज एक्सपीपर्यंत जर्मन विंडोज हे वेगळं विंडोज होतं. फोल्डरांची खरी नावंसुद्धा जर्मन. बहुभाषिक एक्सपी होतं, पण ते इंग्रजी पायावर इतर भाषांचा थर चढवून केलेलं आणि दुकानातून सुटं न मिळणारं. व्हिस्टापासून मांडणी पालटली. प्रोग्राम भाषाविरहित ठेवायचा आणि त्याची वाक्यं वेगळ्या फाइलीत ठेवायची. रजिस्ट्री एडिटरचंच उदाहरण घ्या. विंडोजच्या फोल्डरमध्ये मूळ प्रोग्राम असतो, शेजारी भाषेच्या सांकेतिक नावाचा एक उपफोल्डर असतो आणि त्यात त्याच नावाची, शेवटी ‘एमयूआय’ जोडलेली फाइल असते. प्रोग्राम सुरू झाला की वापरकर्त्याची भाषा बघून ती फाइल उचलली जाते. नाही सापडली तर पुढची भाषा, तीही नाही तर त्याच्या पुढची. अशी उतरंड असते आणि तळाशी बहुतेक वेळा इंग्रजी.

या उतरंडीमुळेच अर्धवट भाषांतर दिसतं. पडद्यावर मराठीच्या मध्येच एखादं इंग्रजी बटण दिसलं की लोक म्हणतात ‘बिघडलं’. खरं तर ते नीट चाललेलं असतं. मराठी वाक्य नव्हतं म्हणून यंत्र एक पायरी खाली उतरलं, इतकंच. मोकळं बटण दाखवण्यापेक्षा हे बरं.

१३ ऑगस्ट, बुधवार

एंटरप्राइझच्या चाचणी यंत्रावर पाचही भाषा चढवल्या. पहिला धडा असा की पाच भाषा एका पंक्तीत बसत नाहीत.

विंडोज १० च्या पूर्ण भाषा ३८. जर्मन, अरबी, इंग्रजी त्यात येतात. मराठी आणि हिंदी येत नाहीत. त्या इंटरफेस पॅकच्या गटात, म्हणजे एखाद्या पूर्ण भाषेच्या खांद्यावर बसणाऱ्या. आपल्या बाबतीत तो खांदा इंग्रजीचा. व्हर्जन १८०९ पासून हे पॅक जुन्या कॅब (आवळून बांधलेल्या) फाइलीऐवजी अ‍ॅपसारखे मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून येतात. म्हणून जर्मनची कृती वेगळी आणि मराठीची वेगळी. आणि मराठी वापरणाऱ्याच्या यंत्रावरून ‘नको असलेली’ इंग्रजी काढून टाकायची नाही. खांदा काढला तर वर बसलेला पडणार.

पॅक म्हणजे फक्त वाक्यं. टायपिंगचं शब्दज्ञान, फाँट, वाचून दाखवणारा आवाज, हस्ताक्षर ओळखणं, चित्रातला मजकूर ओळखणं हे सगळे वेगळे तुकडे आणि ते सगळ्या भाषांना सारखे मिळत नाहीत. जर्मनचं ताट भरलेलं, मराठीचं त्यामानाने बरंच मोकळं.

क्रमाचीही गंमत झाली. काल महिन्याचं अपडेट आलं होतं, ते आधी चढवलं आणि मग जर्मन पॅक टाकला. काही खिडक्यांत इंग्रजी वाक्यं उगवली. पॅकमध्ये व्हर्जन बाहेर पडलं तेव्हाची वाक्यं असतात. नंतर भर पडलेली वाक्यं महिन्याच्या अपडेटबरोबर येतात, पण त्या क्षणी यंत्रावर ज्या भाषा असतील त्यांच्यासाठीच. म्हणून क्रम ठरला : पॅक, मग सुटे तुकडे, सगळ्यांत शेवटी अपडेट. अपडेट आधीच चढलेलं असेल तर ते पुन्हा चढवायचं. भिंतीवर कागद चिकटवला.

१८ ऑगस्ट, सोमवार

पहिले दहा वापरकर्ते. सकाळी अकरापर्यंत सात तक्रारी, आणि त्यातल्या फक्त दोन इंटरफेसच्या भाषेबद्दल.

‘भाषा बदला’ म्हणताना आपण एक गोष्ट म्हणतो, यंत्र निदान पाच समजतं. मेनू आणि खिडक्यांची भाषा. तारीख, आकडे, विभाजक यांची प्रादेशिक पद्धत. कीबोर्ड. युनिकोड (सगळ्या लिपींना सामावणारी अक्षरसंकेत पद्धत) न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रामांसाठीचं सिस्टम लोकेल. आणि ‘मी कोणत्या देशात आहे’ हे सांगणारं स्थान. यातल्या पहिल्या तीन प्रत्येक वापरकर्त्यागणिक वेगळ्या असू शकतात, सिस्टम लोकेल मात्र सगळ्या यंत्राला मिळून एकच. लॉगिनचा पडदा आणि नव्याने तयार होणारी खाती यांची भाषा तर आणखी तिसऱ्या ठिकाणी, आणि तिथे आपली निवड मुद्दाम नक्कल करावी लागते. ती नक्कल आम्ही विसरलो होतो. त्यामुळे एकाचं सगळं यंत्र अरबी, पण पासवर्ड विचारणारा पडदा इंग्रजी आणि कीबोर्डही इंग्रजी. तीन वेळा पासवर्ड चुकला आणि खातं अडकलं.

लेखा विभागात दुसरंच नाटक. एकाच अहवालाची सीएसव्ही फाइल (रकाने विभाजक चिन्हाने वेगळे करणारी साधी फाइल) दोघांनी उघडली. एकाच्या यंत्रावर नीट रकाने, दुसऱ्याच्या यंत्रावर सगळं एकाच रकान्यात. जर्मन पद्धतीत दशांशाला स्वल्पविराम वापरतात, म्हणून यादीचा विभाजक अर्धविराम होतो. इंग्रजीत उलट. त्यातच मराठी पद्धत लावलेल्या यंत्रावर आकडे लाख-कोटींच्या गटांत आले. ते आम्हाला बरोबरच वाटले, पण पलीकडच्याने ‘स्वल्पविराम चुकलेत’ अशी तक्रार केली.

बॅकअपची जुनी बॅच फाइल तारखेतली अक्षरं जागेवरून मोजून फोल्डरचं नाव बनवायची. प्रादेशिक पद्धत बदलली तशी अक्षरांची जागा बदलली, आणि बॅकअप ‘२५.०’ अशा नावाच्या फोल्डरात जाऊन बसला. ती फाइल मीच लिहिली होती, बहुधा सहा वर्षांपूर्वी. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा लिहायच्या नव्या साधनात) तारखेचा साचा उघड सांगून नव्याने लिहिली.

निर्णय : इंटरफेसची भाषा ज्याची त्याची, पण प्रादेशिक पद्धत विभागागणिक एक. लेखा विभागात मेनू मराठी असोत की जर्मन, आकडे सगळ्यांचे एकाच साच्यात. दोघांनी नाराजी दाखवली. मान्य आहे, पण हिशेब जुळायला हवा.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यांत शिकवणारा.

आमची एक स्क्रिप्ट प्रत्येक यंत्रावर देखभालीचं खातं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ या स्थानिक गटात घालते. वर्षानुवर्षं चालत आलेली. आज सहा यंत्रांवर ती पडली. चूक क्रमांक १३७६, म्हणजे या नावाचा गटच नाही. इंटरफेस बघितला तर मराठी, म्हणजे इंग्रजी पायावरचा. इतर मराठी यंत्रांवर स्क्रिप्ट सुरळीत चालली. मग याच सहांवर काय झालं?

दुपारपर्यंत परवानगी, डोमेन, अँटिव्हायरस, सगळं उलथंपालथं केलं. शेवटी सहकारीने गटांची यादीच पडद्यावर काढली, आणि तिथे ‘अ‍ॅडमिनिस्ट्राटोरेन’ असा गट बसलेला. जर्मन! ही सहा यंत्रं दुसऱ्या कार्यालयातून आलेली. पहिल्यांदा विंडोज बसवलं तेव्हाच जर्मन आयएसओवरून बसवलेलं. नंतर कोणी तरी इंग्रजी चढवली, आता आम्ही त्यावर मराठी चढवली. वरून बघणाऱ्याला जर्मनचा मागमूस नाही. पण अंगभूत गटांची नावं बसवणीच्या क्षणी ठरतात आणि मग प्रदर्शनाची भाषा कितीही बदला, ती तशीच राहतात.

उपाय नवा नाही, आम्हीच आळशी होतो. अंगभूत गटांचा क्रमांक, म्हणजे एसआयडी, सगळ्या भाषांत एकच असतो. प्रशासकांचा ‘एस-१-५-३२-५४४’, साध्या वापरकर्त्यांचा शेवटी ५४५. नाव घेऊन हाक मारायची नाही, क्रमांकाने मारायची. जुनी ‘नेट लोकलग्रुप’ आज्ञा नावच मागते, म्हणून ती हद्दपार. पॉवरशेलची आज्ञा एसआयडी घेते. फाइलींचे हक्क देणाऱ्या आज्ञेलाही आधी तारांकन (*) लावून क्रमांक देता येतो. कामगिरी मोजणाऱ्या काउंटरांची नावंही भाषेप्रमाणे बदलतात, त्यामुळे देखरेखीच्या दोन स्क्रिप्टही तपासायला घेतल्या.

मोजणीच्या तक्त्यात नवा रकाना घातला. सहकारीने त्याला नाव दिलं ‘जन्मभाषा’. रजिस्ट्रीत भाषांच्या नोंदीखाली ‘इन्स्टॉल लँग्वेज’ असं एक मूल्य असतं. ०४०९ म्हणजे अमेरिकन इंग्रजी, ०४०७ जर्मन, ०४०१ अरबी. १४२ पैकी १३३ यंत्रं ०४०९, सहा ०४०७, तीन ०४०१. मराठीला ०४४ई हा क्रमांक आहे, पण जन्मभाषा म्हणून तो आमच्या एकाही यंत्रावर दिसणार नाही, कारण मराठीतून बसवता येईल असा आयएसओच नाही. मराठी नेहमी नंतर शिकवलेली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सगळ्या स्क्रिप्टींतून गटांची नावं शोधून काढली. अकरा जागी सापडली. बदलली. बाकी दिवस त्यातच.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मदतकक्षाची कुरकूर. फोनवर वापरकर्ता म्हणतो, ‘इथे मराठीत काहीतरी लिहिलंय, दाबू का?’ मदत करणाऱ्यासमोर इंग्रजी खिडकी. बटणाचं मराठी नाव त्याला माहीत नाही आणि वापरकर्त्याला इंग्रजी सांगून उपयोग नाही. अरबीच्या बाबतीत तर ‘उजवीकडचं वरचं’ हेही चुकतं, कारण तिथे सगळी खिडकीच आरशात पाहिल्यासारखी.

यावर एक सुटसुटीत तोड निघाली. विंडोजची कळ आणि आर दाबून उघडणाऱ्या चौकटीत जी आज्ञा टाइप करतो तिचं भाषांतर होत नाही. सेटिंग्जच्या प्रत्येक पानाला एक आतला पत्ता असतो आणि तो सगळ्या भाषांत, सगळ्या एडिशनांत सारखाच. जुन्या कंट्रोल पॅनेलच्या फाइलींची नावंही तशीच. वीस पत्त्यांचं पान करून मदतकक्षाला दिलं. आता ‘तिसऱ्या ओळीतलं निळं बटण’ असं बोलावं लागत नाही.

दूरस्थ मदतीत मात्र आणखी एक उपद्रव : आम्ही आमच्या यंत्रावरून त्यांच्या यंत्रात शिरलो की आमचा कीबोर्ड त्यांच्याकडे जाऊन बसतो. दोन दिवसांनी वापरकर्ता विचारतो, ‘मी न लावलेला कीबोर्ड माझ्या यादीत कुठून आला?’ दूरचा कीबोर्ड दुर्लक्षित करा असं सांगणारं एक मूल्य रजिस्ट्रीत घालता येतं. घातलं.

१ सप्टेंबर, सोमवार

प्रशिक्षण खोलीतल्या बारा सामायिक यंत्रांवरून भाषा गायब! शुक्रवारी पाच होत्या, आज कुठे दोन, कुठे तीन. पहिला संशय एकमेकांवर. मग साफसफाई करणाऱ्या स्क्रिप्टवर. मग अपडेटवर.

चोर घरातलाच निघाला. विंडोजच्या नियोजित कामांमध्ये भाषेच्या खाली ‘एलपी-रिमूव्ह’ नावाचं काम असतं. यंत्र रिकामं बसलं की देखभालीच्या वेळात ते उठतं, आधीपासून बसवलेले पण कोणी न वापरलेले भाषापॅक शोधतं आणि जागा मोकळी करतं. एका माणसाच्या लॅपटॉपवर हे शहाणपणाचंच आहे. निर्मात्याने आठ भाषा भरून दिल्या तर सात कशाला बाळगायच्या? पण सामायिक यंत्रावर ‘अजून कोणी वापरली नाही’ म्हणजे ‘उद्या येणारा वापरणार आहे’. खोलीत गेल्या आठवड्यात अरबीवाली तुकडी आलीच नव्हती.

ते काम बंद केलं, शेजारचं सुट्या तुकड्यांची विल्हेवाट लावणारं कामही बंद केलं, आणि गट धोरणात (अनेक यंत्रांना एकदम लागू होणाऱ्या नियमांत) न वापरलेल्या भाषापॅकची सफाई रोखणारा पर्याय लावला. भाषा पुन्हा चढवल्या, अपडेट पुन्हा चढवलं. बारा यंत्रं, सबंध दिवस. यापुढे प्रतिमा (यंत्रांवर उतरवायची विंडोजची तयार नक्कल) तयार करतानाच हे तिन्ही घालायचं.

३ सप्टेंबर, बुधवार

अरबी. विंडोज स्वतः छान उलटतं. आमचा जुना नोंदणीचा प्रोग्राम उलटत नाही, पण त्याच्यातून उघडणारी ‘फाइल निवडा’ खिडकी उलटते, कारण ती विंडोजची. डावीकडून उजवीकडे चालता चालता मध्येच दिशा बदलते. विकासकांशी बोललो. प्रोग्राम आरशात घालायचा असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. एक जुनी युक्ती तर अशी की प्रोग्रामच्या वर्णनाच्या सुरुवातीला न दिसणारी दोन दिशाचिन्हं घातली की विंडोज तो उलटवतं. गंमत वाटली, पण मग आतली चित्रंही उलटतात, आणि ‘पुढे’चा बाण ठीक दिसला तरी घड्याळाचे काटे भलतीकडे फिरतात. सध्या आहे तसंच ठेवायचं ठरलं. अरबी वापरणाऱ्या तिघांना विचारलं. ते म्हणाले, सवय आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

कोऱ्या बसवलेल्या यंत्रावर जुनं मराठी पत्र उघडलं आणि दोन पानांचं तीन पानांवर गेलं. मंगल फाँट नव्हता. विंडोज २००० पासून जो आपोआप असायचा, तो विंडोज १० पासून देवनागरीच्या पूरक फाँटांच्या वेगळ्या तुकड्यात गेला आहे. त्यात अपराजिता, कोकिळा, उत्साह हेही. मराठी किंवा हिंदी यादीत घातली की तो तुकडा सहसा येतो, पण आम्ही हे यंत्र जर्मन म्हणून तयार केलं होतं. मंगल नसेल तर मजकूर निर्मला यूआयमध्ये दिसतो. वाचता येतो, पण ओळी वेगळ्या तुटतात. पत्रव्यवहार सगळ्यांकडेच जातो, म्हणून हा तुकडा आता १४२ च्या १४२ यंत्रांवर, भाषा कोणतीही असो.

एकीने विचारलं, ‘इंटरफेस मराठी केला तर माझ्या जुन्या फाइली मराठीत दिसतील ना?’ त्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेल्या. तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसणार, इंटरफेस मराठी असो वा नसो. सिस्टम लोकेल बदलूनही काही होत नाही, कारण देवनागरीला विंडोजचं जुन्या पद्धतीचं, सिस्टम लोकेलला लावता येईल असं कोडपेज (अक्षरसंकेतांचा तक्ता) कधी नव्हतंच. रूपांतर हा वेगळा प्रकल्प. तो माझ्याकडे येऊ नये म्हणून मी बैठकीत गप्प बसलो.

१७ सप्टेंबर, बुधवार

एलटीएससीची नऊ यंत्रं. यात स्टोअर नाही, आणि मराठी-हिंदी पॅक तर स्टोअरमधून येतात. जर्मन आणि अरबीची कॅब फाइल सरळ चढली. मराठीसाठी त्या व्हर्जनच्या पॅकांच्या आयएसओतून पॅकेज आणि त्याची परवाना फाइल अशी जोडी काढून हाताने भरली. चढली. व्हर्जन २००४ पासून २२एच२ पर्यंतचा पाया एकच असल्याने एलटीएससी २०२१ लाही तेच पॅक लागतात, हा त्यातल्या त्यात दिलासा. मात्र स्टोअर नसल्याने या पॅकचं अपडेट आपोआप येणार नाही. दर तिमाहीला हाताने टाकायचं, असं कामाच्या यादीत लिहिलं. २०२७ च्या जानेवारीपर्यंत हे चालवायचं आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

विंडोज ७ ची तीन यंत्रं. प्रोफेशनल, म्हणजे पूर्ण भाषापॅक नाही, फक्त इंटरफेस पॅक. गमतीचा भाग असा की यावर मराठी चढते आणि जर्मन चढत नाही. ‘लहान’ भाषांना जे दार सगळ्या एडिशनांत उघडं होतं ते ‘मोठ्या’ भाषांना बंद. पण सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलेला, यंत्रं नेटवर्कपासून तोडलेली, चालवणारे दोघं, दोघांनाही इंग्रजी मेनू पाठ. हात लावला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज ११ ची लाट. २३ किल्ल्या गेल्या आठवड्यात आल्या, त्या लॅपटॉपांचं एडिशन बदलून झालं. आज प्रत्यक्ष चढाई.

बहुतेक यंत्रं नेहमीच्या अपडेटच्या वाटेने गेली आणि आपापल्या भाषा बरोबर घेऊन गेली. काही मात्र आयएसओवरून करावी लागली. त्यात ‘फाइली आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय नऊ यंत्रांवर फिका, निवडताच येत नाही. नऊ! तक्ता उघडायच्या आधीच दोघांच्याही डोक्यात एकदम प्रकाश पडला. सहा जर्मन, तीन अरबी. आयएसओची भाषा यंत्राच्या जन्मभाषेशी जुळली नाही तर सेटअप सगळं जपून वर चढवत नाही. वापरकर्त्याची भाषा मराठी असली तरी इथे ती मोजली जात नाही. जर्मन आणि अरबी आयएसओ उतरवले, त्यावरून चढवलं, फाइली-अ‍ॅप्स जागेवर.

आयएसओवरून चढवलेल्या काही यंत्रांवर भाषापॅक मागे राहिले. सेटअपला इंटरनेटवरून सोबतचे तुकडे घ्यायची परवानगी दिली नव्हती. परवानगी दिलेल्या यंत्रांवर ते आले. राहिलेल्यांवर नव्या पॉवरशेलच्या एका ओळीत भाषा बसवता येते, आणि वापरकर्त्याची निवड लॉगिनच्या पडद्यावर नक्कल करायलाही आता आज्ञा आहे. ऑगस्टमध्ये जे माऊसने खिडकीत खिडकी उघडून केलं ते आता दोन ओळींत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हिशेब : १२८ यंत्रं विंडोज ११ वर, भाषा तपासलेल्या. एलटीएससीची नऊ विंडोज १० वरच. विंडोज ७ ची तीन तशीच. उरलेली दोन टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसल्याने ११ ला पात्र नाहीत, त्यांच्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली. दोन दिवसांच्या कामाला दहा आठवडे लागले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मंगळवारच्या अपडेटनंतर एक यंत्र सुरू होईना, आणि दुरुस्तीचा निळा पडदा आला. इंग्रजीत. समोर बसलेल्या ताईंनी फोन केला, ‘तुम्ही तर म्हणालात सगळं मराठीत केलंय.’

दुरुस्तीचं वातावरण म्हणजे विंडोजचं वेगळं, छोटं रूप. त्याची प्रतिमा वेगळी, भाषाही वेगळी चढवावी लागते. जर्मन, अरबीसाठी तसे पॅक मिळतात. मराठी आणि हिंदीसाठी मिळत नाहीत. जर्मन-अरबी यंत्रांच्या प्रतिमेत पुढच्या आठवड्यात घालायचं. मराठी-हिंदीवाल्यांसाठी त्या पडद्याचे फोटो काढले, प्रत्येक बटणाशेजारी मराठी आणि हिंदी अर्थ लिहिला, एका पानावर छापून लॅमिनेट करायला दिलं. सोमवारी वाटायचं. ‘सगळं पुसा’ या बटणाभोवती लाल चौकट घालायला सांगितली आहे.